आग दोन सेकंद, बाकी सगळी हवा

मॉडेल रॉकेटचं एक उड्डाण घड्याळ लावून बघा. अंगठ्यापेक्षा जरा जाड, हातभर लांब कागदी नळी, एकूण वजन ८० ग्रॅम, आत सी ६-५ नावाची मोटर, म्हणजे दारू भरलेली तयार कांडी. बटण दाबल्यापासून रॉकेट परत जमिनीला टेकेपर्यंत साधारण ७० सेकंद जातात. त्यात आग असते ती दोन सेकंदांपेक्षाही कमी. पुढचे पाच-सहा सेकंद रॉकेट मिळालेल्या वेगाच्या जोरावर चढत राहतं आणि उरलेलं मिनिटभर पॅराशूटला लोंबकळत खाली येतं.

नवखा माणूस मात्र सगळं डोकं त्या पहिल्या दोन सेकंदांवर खर्च करतो. मोटर कुठली, जोर किती, धूर किती. मीही तेच केलं होतं. पुढे कळलं की मोटर ही सगळ्यात सोपी बाजू, कारण ती कारखान्यातून मोजूनमापून तयार येते. रॉकेट सरळ जाईल की गिरक्या घेईल, किती उंच जाईल, कुठे पडेल, हे सगळं ठरवते हवा. म्हणून या लेखात आगीपेक्षा हवेबद्दल जास्त वाचायला मिळेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट, आणि तिच्यावर चर्चा नाही. मोटर नेहमी कारखान्यात बनलेली, एकदाच वापरायची अशीच घ्यायची. घरी दारू कुटायची नाही, जळलेली मोटर पुन्हा भरायची नाही, फटाका फोडून त्यातली दारू काढायची नाही. या छंदाचा जन्मच त्यासाठी झाला आहे: १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्व्हिल कार्लाइल आणि रॉबर्ट कार्लाइल या भावांनी कागदी रॉकेट आणि त्यात बदलता येणारी तयार मोटर अशी जोडी बनवली, आणि रॉकेट उडवणाऱ्याला स्फोटक पदार्थ हाताळायची गरजच उरली नाही. मोटर विकत घ्यायला आणि रॉकेट उडवायला परवानगी लागते का, किती उंचीपर्यंत चालतं, जवळ विमानतळ आहे का, हे तुम्ही जिथे आहात तिथल्या नियमांत आधी बघून घ्या.

मोटरवरचा कोड वाचा

सी ६-५ मध्ये तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. अक्षर सांगतं एकूण आवेग, म्हणजे बळ गुणिले वेळ. ए म्हणजे जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, बी म्हणजे ५ पर्यंत, सी म्हणजे १० पर्यंत, डी म्हणजे २० पर्यंत. प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट होते. 'बी उडवून झाली, आता जरा मोठी सी लावू' असं म्हणताना हे 'जरा' म्हणजे दुप्पट असतं, हे ध्यानात ठेवा.

मधला आकडा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. हा आकडा ढोबळ असतो. सी ६ प्रत्यक्षात सरासरी पावणेपाच न्यूटनच्या आसपास देते. शेवटचा आकडा सेकंदांचा: जळण संपल्यावर इतक्या सेकंदांनी आतला छोटा इजेक्शन चार्ज पेटतो आणि पॅराशूट बाहेर ढकलतो. शेवटी ० असलेली मोटर दोन टप्प्यांच्या रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते. ती एकट्या रॉकेटला लावली तर रॉकेट सगळ्यात जास्त वेगात असतानाच मोटरची आग थेट आत शिरेल. दुकानात डबा उचलताना हा शेवटचा आकडा दोनदा वाचा.

हा आवेग येतो कुठून? सी ६ मध्ये जेमतेम ११ ग्रॅम काळी दारू असते. ती जळून तयार होणारा वायू खालच्या भोकातून सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने बाहेर पडतो. ०.०११ किलो गुणिले ८०० म्हणजे ८.८, आणि या मोटरचा मोजलेला आवेगही जवळपास तेवढाच, ८.८ न्यूटन-सेकंद. रॉकेट खालच्या हवेला किंवा जमिनीला ढकलून वर जात नाही. ते आपल्याच पोटातला माल मागे फेकतं आणि त्या बदल्यात स्वतः पुढे जातं. बाटलीत पाणी आणि दाबलेली हवा भरून उडवतात त्या पाण्याच्या रॉकेटमध्येही हेच घडतं, फक्त फेकायचा वेग फार कमी. बाटलीत ५ बार जादा दाब असला तर पाणी सेकंदाला ३२ मीटरच्या आसपास बाहेर येतं. म्हणून तिथे काही ग्रॅमवर भागत नाही, पाव-अर्धा लिटर पाणी लागतं. मोटर मिळत नसेल तर पाण्याचं रॉकेट हा कमअस्सल पर्याय आहे असं मात्र समजू नका. पुढे शेपटीबद्दल जे लिहिलंय ते त्यालाही शब्दशः लागू आहे.

वजन करा आणि कागदावर उडवा

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. समजा रॉकेट पॅराशूटसकट ५६ ग्रॅम भरलं. सी ६ मोटर २४ ग्रॅमची. एकूण ८० ग्रॅम, म्हणजे ०.७८ न्यूटन वजन.

सी ६ चा रेटा सगळा वेळ सारखा नसतो. पेटल्यानंतर साधारण ०.२ सेकंदात तो १४ न्यूटनपर्यंत उसळतो, मग झपकन उतरून साडेचारच्या आसपास स्थिर होतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. हा सुरुवातीचा झटका मुद्दाम दिलेला असतो: दारूच्या कांडीला भोकाजवळ एक छोटा खळगा ठेवतात, त्यामुळे आधी जास्त पृष्ठभाग जळतो. झटक्याच्या टोकाला त्वरण किती? १४ मधून वजन वजा करा, ०.०८ ने भागा: १६५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १७ पट. शेपटीचे पंख चिकटवताना गोंदात कंजूषी करू नका असं जुनेजाणते का सांगतात ते या आकड्यात आहे. ३ ग्रॅमचा पंख त्या क्षणी ५० ग्रॅमसारखा खाली ओढत असतो.

जळण संपतानाचा वेग काढायला आवेगाला सरासरी वस्तुमानाने भागा. जळता जळता रॉकेट हलकं होतं, म्हणून ८० ऐवजी ७५ ग्रॅम धरू. ८.८ भागिले ०.०७५ म्हणजे ११७ मीटर प्रति सेकंद. जळणाच्या या १.८६ सेकंदांत गुरुत्वाकर्षण १८ मीटर प्रति सेकंद परत घेतं. उरले ९९. या वेगाने वर फेकलेली वस्तू आणखी ५०० मीटर चढते. जळण चालू असतानाचे ९० मीटर त्यात मिळवले की ५९० मीटर. पाठ्यपुस्तकातला हिशेब इथे संपतो.

प्रत्यक्षात हे रॉकेट २८० मीटरच्या आसपास थांबेल.

बाकीचे तीनशे मीटर हवेने गिळले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ मिलिमीटर व्यासाची नळी ८५ मीटर प्रति सेकंदाने जात असेल, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, तर विरोध सुमारे दीड न्यूटन येतो. त्या वेळी रॉकेटचं स्वतःचं वजन ०.६८ न्यूटन. म्हणजे मोटर बंद पडली त्या क्षणी रॉकेटला खाली ओढण्यात हवेचा वाटा पृथ्वीच्या दुप्पट असतो!

आता याच रॉकेटला बी ६-४ लावा. वेग ५० च्या अलीकडेच राहतो आणि उंची मिळते साधारण ११० मीटर. हवा नसती तर १५५ मिळाली असती. म्हणजे बी मध्ये हवेने तीस टक्के खाल्ले, सी मध्ये निम्म्याहून जास्त. वेग वाढवत जाल तसा प्रत्येक पुढचा मीटर महाग पडतो. आणि म्हणूनच नुसती मोठी मोटर लावण्यापेक्षा घासकागद हातात घेणं जास्त फायद्याचं ठरतं. पंखाची पुढची धार गोल करा, मागची निमुळती करा, लाकडाचे रेषे भरून गुळगुळीत करा. नळीचा व्यास २५ ऐवजी ३५ मिलिमीटर घेतला तर समोरून दिसणारं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं आणि विरोधही.

जाता जाता एक गैरसमज. 'जितकं हलकं तितकं उंच' हे अर्धंच खरं. पिंगपाँगचा चेंडू आणि त्याच आकाराची काचेची गोटी, दोन्ही जीव खाऊन वर फेका. चेंडू हातातून जास्त वेगाने सुटेल, पण लगेच हवेत मरेल. फार हलकं रॉकेटही मोटर संपताच असंच दम सोडतं. छोट्या मोटरवर हे क्वचित जाणवतं, पण हलकेपणाच्या नादात पंख कागदाचे करू नका.

शेपटी: इथे घाई केलेली चालत नाही

रॉकेटवर दोन बिंदू शोधायचे असतात. पहिला गुरुत्वमध्य. रॉकेट बोटावर आडवं तोला, जिथे तोललं जाईल तो. हवेत मोकळी असलेली वस्तू फिरली तर या बिंदूभोवती फिरते. दुसरा दाबकेंद्र. रॉकेट किंचित तिरकं झालं की हवा त्याच्या अंगावर बाजूने आपटते. नाकावर थोडी, नळीवर थोडी, पंखांवर भरपूर. या सगळ्या धक्क्यांची बेरीज जिथे लागते असं धरता येतं तो हा बिंदू.

दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर हवा शेपटी ढकलते आणि नाक पुन्हा सरळ होतं. पुढे असेल तर हवा नाकालाच ढकलते, तिरकेपणा वाढतो, तो वाढला की धक्का वाढतो आणि रॉकेट उलटंपालटं होतं. बाणाचं तेच. टोकाला लोखंड, मागे पिसं. लोखंड गुरुत्वमध्य पुढे नेतं, पिसं दाबकेंद्र मागे नेतात.

दोघांतलं अंतर निदान नळीच्या एका व्यासाइतकं हवं. २५ मिलिमीटरच्या नळीला २५ मिलिमीटर. एक ते दोन व्यास उत्तम. त्याहून फार जास्त झालं तर वेगळी पीडा, ती वाऱ्याच्या भागात येईल.

आता माझी फजिती. किट न घेता स्वतः कापलेलं माझं पहिलं रॉकेट ४० सेंटीमीटर लांब होतं. घरी बोटावर तोललं, नाकापासून १८ सेंटीमीटरवर तोललं गेलं. दाबकेंद्र आलं होतं २२ वर. चार सेंटीमीटरचं अंतर, म्हणजे दीड व्यासाहून जास्त. मी खूश. मैदानात उभ्या सळईवरून सुटलं, डोक्याच्या वर पोचलं असेल नसेल, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि आडवं होऊन गवतात घुसलं. मोटर तिथेच फुरफुरत संपली, मग काही सेकंद शांतता, आणि मग पॅराशूट गवतातच फटकन उघडलं. आम्ही सगळे बरेच लांब होतो आणि गवत ओलं होतं म्हणून त्यावर आता हसता येतं.

चूक साधी होती. मी रॉकेट मोटर न घालता तोललं होतं. २४ ग्रॅमची मोटर शेपटीत, नाकापासून साडेछत्तीस सेंटीमीटरवर बसते. हिशेब करा: (५६ × १८ + २४ × ३६.५) भागिले ८०. उत्तर येतं साडेतेवीस. म्हणजे मोटर घालताच गुरुत्वमध्य साडेपाच सेंटीमीटर मागे सरकला आणि दाबकेंद्राच्याही मागे जाऊन बसला. त्या रॉकेटला सरळ जायचं काही कारणच नव्हतं.

दुरुस्तीचे मार्ग दोन. नाकात माती भरा किंवा पंख मोठे करा. माती भरायची तर वीसेक ग्रॅम लागली असती, म्हणजे रॉकेट एकदम शंभर ग्रॅमवर. मी पंख मोठे कापले आणि दाबकेंद्र साडेसव्वीसवर नेलं. पंख हलक्या लाकडाचे असतील तर हाच मार्ग बरा, असं माझं मत. फक्त नंतर पुन्हा तोला, कारण पंखांचंही वजन शेपटीतच पडतं.

दाबकेंद्र घरी काढायची सोपी युक्ती म्हणजे जाड पुठ्ठ्यावर रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती काढायची, कापायची आणि पट्टीच्या धारेवर तोलायची. ही आकृती जिथे तोलली जाते तो बिंदू खऱ्या दाबकेंद्राच्या थोडा पुढेच येतो, कारण हे रॉकेट पूर्ण आडवं असतानाचं उत्तर आहे. चूक आहे, पण सुरक्षित बाजूची चूक आहे. नेमकं उत्तर हवं असेल तर १९६० च्या दशकात नासातल्या जेम्स बॅरोमन यांनी मांडलेली समीकरणं आहेत. आज बहुतेक रॉकेटची सॉफ्टवेअरं तीच वापरतात.

आणि शेवटची खात्री दोरीने. रॉकेटमध्ये पॅराशूट भरा, मोटरच्या जागी तेवढ्याच वजनाची, माती भरलेली रिकामी नळी घाला. गुरुत्वमध्यावर दोन-तीन मीटर दोरी बांधा, सरकू नये म्हणून टेप लावा आणि गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे करून फिरलं तर उडवायला योग्य. शेपटी पुढे आली किंवा कोलांट्या घेऊ लागलं तर पुन्हा टेबलावर. एखाद-दुसऱ्या स्थिर रॉकेटला सुरुवातीला हाताने नाक पुढे धरून सोडावं लागतं, एवढी सवलत द्या.

'मोटर वर लावली तर रॉकेट आपोआप लोंबकळून सरळ राहील' असं अनेकांना वाटतं. रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी उडवलेल्या पहिल्या द्रवइंधन रॉकेटमध्ये मोटर अशीच वर होती. ते अडीच सेकंद उडालं, सुमारे साडेबारा मीटर उंच गेलं, आणि पुढे गोडार्ड यांनी मोटर खाली नेली. कारण रेटा रॉकेटच्या अक्षावरच लागतो. रॉकेट तिरकं झालं की रेटाही तेवढाच तिरका होतो. तो वरून लागतो की खालून, याने काही सरळ होत नाही.

रॉडवरचे ०.२ सेकंद

पंख चालतात ते हवा वाहती असेल तर. त्यांचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून सेकंदाला ३ मीटरवर ते नुसते शोभेचे असतात. तोवर रॉकेटला सरळ धरायचं काम लाँच रॉडचं. ही ९० सेंटीमीटर लांब, तीनेक मिलिमीटर जाड लोखंडी सळई. रॉकेटच्या अंगावर स्ट्रॉच्या तुकड्यासारखी एक नळी चिकटवलेली असते, तिला लाँच लग म्हणतात. ती या सळईत ओवायची.

आपलं ८० ग्रॅमचं रॉकेट सी ६ वर हे ९० सेंटीमीटर साधारण ०.२ सेकंदांत ओलांडतं आणि सुटताना त्याचा वेग १५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. १३-१५ ही चांगली पातळी. रॉकेट जड आणि मोटर छोटी असेल तर ते सळईवरून रेंगाळत निघतं, आणि अशा रॉकेटला वाऱ्याची झुळूकही लोळवते. ढोबळ नियम: मोटरचा सरासरी रेटा रॉकेटच्या वजनाच्या निदान पाच पट हवा. आपल्या रॉकेटला तो सहा पट आहे.

यापुढे काम कारागिरीचं आहे. लग पंखांशी आणि नळीशी समांतर चिकटला पाहिजे. थोडा तिरपा असला तरी सळईवर घासतो आणि त्या ०.२ सेकंदांतलीच चाल बिघडते. दर दोन-तीन उड्डाणांनी सळईवर काजळी जमते, ती घासकागदाने पुसा. उडवण्याआधी रॉकेट सळईवर हाताने वरखाली करून बघा. कुठे अडकत असेल तर ते आत्ताच कळेल.

वारा आणि मैदान

रॉकेट १५ मीटर प्रति सेकंदाने वर निघालंय आणि बाजूने ५ मीटर प्रति सेकंदाचा वारा आहे. रॉकेटच्या दृष्टीने हवा सरळ वरून येत नाही, ती १८ अंश तिरकी येते. स्थिर रॉकेट काय करतं? येणाऱ्या हवेकडे नाक वळवतं. म्हणजे वातकुक्कुटासारखं वाऱ्याच्या तोंडावर झुकतं आणि मोटर चालू असल्यामुळे तिकडेच पळतं. पंख जितके जास्त मोठे तितकं हे झुकणं जोरात. दोन व्यासांहून फार जास्त अंतर ठेवू नका म्हटलं ते यासाठी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं रॉकेट बिघडलं. ते उलट फारच आज्ञाधारक असतं.

मग पॅराशूट त्याला वाऱ्याबरोबर परत आणतं, आणि किती आणतं याचा हिशेब करून मगच मैदान निवडायचं. ३० सेंटीमीटर व्यासाचं पॅराशूट आपल्या रॉकेटला सुमारे ४.६ मीटर प्रति सेकंदाने खाली आणतं. मीटरभर उंचीवरून हातातून सोडल्यासारखं ते टेकतं, पंख मोडत नाहीत. पण २८० मीटर खाली यायला त्याला मिनिटभर लागतं, आणि ३ मीटर प्रति सेकंदाच्या साध्या झुळकीतही ते तेवढ्यात १८० मीटर वाहून जातं. तेच रॉकेट बी ६-४ वर ११० मीटर गेलं तर चोवीस सेकंदांत खाली, ७० मीटरच लांब. पहिलं उड्डाण बी वरच करा. सी वर पाठवलेली किती रॉकेटं मी झाडांना दान केली ते मोजायचं मी थांबवलं आहे.

अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा संहितेत मैदानाची सगळ्यात लहान बाजू बी साठी ६० मीटर आणि सी साठी १२० मीटर सांगितली आहे, आणि वाऱ्याची मर्यादा ताशी ३२ किलोमीटर. नवख्याने त्याच्या निम्म्याच्या आतच राहावं. सकाळी लवकर वारा पडलेला असतो. सळई वाऱ्याच्या हिशेबाने थोडी कलती करायला हरकत नाही, पण ३० अंशांपलीकडे कधीही नाही, आणि माणसांच्या दिशेने मुळीच नाही.

पॅराशूट आणि वॅडिंग

शेवटचा आकडा आता उपयोगी पडतो. आपलं रॉकेट सी ६ वर जळण संपल्यावर ५.७ सेकंद चढत राहतं, म्हणून ५ चा डिले. बी ६ वर ४ सेकंद, म्हणून ४ चा. शिखरावर वेग जवळजवळ शून्य असतो, पॅराशूट तिथेच उघडायला हवं. दोन सेकंद उशीर झाला तर रॉकेट २० मीटर प्रति सेकंदाने नाक खाली करून पडत असतं. मग वरातीमागून घोडं आल्यासारखं पॅराशूट उघडतं, झटका बसतो आणि दोरी कागदी नळीला चेनसारखी उभी फाडत जाते.

इजेक्शन चार्ज म्हणजे आगच. ती आणि प्लास्टिकचं पॅराशूट यांच्यामध्ये न पेटणाऱ्या कागदाचं वॅडिंग घाला, नळीच्या दीड-दोन व्यासांइतक्या उंचीचं, सैलसर. ठासून भरलं तर बूच बसतं. पॅराशूट आदल्या रात्री घडी घालून ठेवू नका, घड्या चिकटतात. मैदानात घाला, वर थोडी टाल्कम पावडर.

नोज कोन, म्हणजे नाकाचा सुटा तुकडा, धरून रॉकेट उचललं तर नुसत्या वजनाने सुटू नये, हलका झटका दिला की सुटावा. मोटर मात्र घट्ट हवी, क्लिपने किंवा टेपने. ती सैल राहिली तर चार्ज पॅराशूटऐवजी मोटरच मागून बाहेर फेकतो आणि रॉकेट भाल्यासारखं खाली येतं.

बटण

पेटवायचं ते विजेनेच. काडी, वात, उदबत्ती काही नाही. इग्नायटर, म्हणजे विजेने तापून दारू पेटवणारी बारीक तार, मोटरच्या भोकात दारूला टेकेपर्यंत आत घाला आणि तिथेच प्लगने दाबा. पेटत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते. बटणाच्या वायरीच्या क्लिपा इग्नायटरला लावताना एकमेकींना किंवा मोटरखालच्या लोखंडी पत्र्याला टेकू देऊ नका. सुरक्षा किल्ली, जी लावल्याशिवाय बटण चालत नाही, ती हे सगळं होईपर्यंत तुमच्या खिशात हवी, बटणाच्या डब्याला लावलेली नव्हे. सळईचं टोक डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवा किंवा त्यावर टोपी घाला. वाकून क्लिपा लावताना सगळं लक्ष खाली असतं.

डी पर्यंतच्या मोटरला निदान ५ मीटर लांब उभं राहा, त्याहून मोठीला ९ मीटर. आकाशात विमान, पक्ष्यांचा थवा नाही ना बघा, मोठ्याने पाचपासून उलटे आकडे म्हणा, बटण दाबा. पेटलं नाही तर किल्ली काढा आणि घड्याळावर पूर्ण ६० सेकंद थांबा. ही साठ सेकंदं फार लांब वाटतात. तरी थांबा.

उंची मोजा

उडवून झालं की सगळे विचारतात, किती उंच गेलं? एक कोनमापक, मध्ये दोरा आणि दोऱ्याला नट बांधलेला, वर बघायला स्ट्रॉ. लाँचरपासून मोजून १०० मीटरवर मित्राला उभं करा. पॅराशूट उघडलं त्या क्षणी तो दोरा बोटाने दाबून धरेल. क्षितिजापासूनच्या कोनाचा टॅन गुणिले १०० म्हणजे उंची, त्यात त्याच्या डोळ्यांची उंची मिळवा. ४८ अंश आले तर १११ मीटर, वर दीड मीटर.

अंतर कमी ठेवायचा मोह होतो, तो आवरा. ४५ अंशांच्या आसपास एका अंशाची चूक साडेतीन मीटरची पडते. रॉकेट ७० अंशांवर दिसत असेल तर तीच चूक पंधरा मीटरची होते. म्हणून अपेक्षित उंचीइतकंच लांब उभं राहायचं. सी वर उडवणार असाल तर पावणेतीनशे मीटर. वारा असेल तर वाऱ्याच्या आडव्या दिशेला, म्हणजे रॉकेट तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून झुकणार नाही.

बी वर मोजलेली उंची कागदावरच्या ११० पेक्षा वीस-पंचवीस मीटर कमी आली तर मोटरला दोष देण्याआधी रॉकेट हातात घेऊन नाकाकडून एक डोळा मिटून बघा. एखादा पंख दोन अंश वाकडा चिकटलेला असतो, आणि तो रॉकेटला वरपर्यंत भोवऱ्यासारखं फिरवत नेत असतो.